खबर पोहोचवणारी माणसं

नमस्कार श्रोतेहो.

सतरा सप्टेंबरला गावोगावी झेंडावंदन होतं, हुतात्मा स्मारकावर हार चढतात आणि भाषणं बहुतेक बंदुकीचीच होतात. ती व्हावीतच. मला मात्र आज हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या बिनबंदुकीच्या माणसांविषयी बोलायचंय.

१९४८ सालचा मराठवाडा डोळ्यांसमोर आणा. टपाल निजामाच्या ताब्यात, मनमाड-काचीगुडा रेल्वेही त्याचीच. सरहद्दीपल्याड उमरखेडला, मनमाडला, बार्शीच्या बाजूला स्टेट काँग्रेसचे कॅम्प. तिथल्या पोरांना करोडगिरी नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकात नाक्यावर, चालून जायचं तर आज तिथं शिपाई किती, बंदुका किती, शेजारच्या गावात रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद स्वयंसेवक, मुक्कामाला आहेत का, हे आधी कळायला हवं. ते सांगणार कोण? आठवडी बाजाराला निघालेली बाई, गुराखी पोरगं, लेकीच्या गावाला चाललेला म्हातारा. ज्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही, असंच माणूस.

चिठ्ठी सापडली तर जीव जायचा, म्हणून निरोप तोंडीच बरा. पण तोंडी निरोप तीन तोंडांतून गेला की दहा रझाकारांचे पन्नास होतात! मग कॅम्पवाले एक तर उगाच बसून राहणार, नाही तर भलत्या ठिकाणी जाऊन मरणार. त्यामुळं डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं आणि कानावर आलेलं वेगळं सांगणाऱ्याला खरी किंमत. त्यात खबरे रझाकारांचेही होतेच, म्हणजे आपल्याच गल्लीत तोंड मिटून राहायचं. मला विचाराल तर हे काम गोळी झाडण्यापेक्षा अवघड. लढणाऱ्याच्या बाजूला सोबती तरी असतो.

बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके आपल्याला घोड्यावरच्या, बंदूकवाल्या म्हणून ठाऊक आहेत. पण निरोप आणि हातबॉम्ब पोहोचवायचं कामही त्यांनी केलं. पोवाड्यात घोडाच शोभतो, त्याला काय करणार!

फौजेचंही माहितीवाचून चालत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून भारताची फौज आत शिरली, तेव्हा नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती येणं महत्त्वाचं होतं. तो आला, आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला.

पुढं स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनी सुरू झाल्या. केंद्राच्या योजनेत सहा महिन्यांचा तुरुंगवास, बायकांना तीन महिन्यांचा, किंवा भूमिगत असल्याचा पुरावा लागे. आता पकडलं न जाणं आणि मागं कागद न ठेवणं हेच जिचं काम, तिनं दाखला आणायचा कुठून?

घरात नव्वदीची आजी असेल तर या रविवारी तिच्याजवळ बसा. कुठल्या गावाहून कुठल्या कॅम्पावर निरोप जायचा, वाट कुठून होती, वाटेत भाकरी कोण द्यायचं, विचारा. सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा. नमस्कार.