महाग पिस्तुलात जास्तीचे पैसे कुठे जातात?

मित्रहो,

नेमबाजी शिकायला लागून काही महिने झाले, हात जरा स्थिर झाला आणि परवान्याचे सोपस्कार पार पडले की जवळजवळ प्रत्येक नवा नेमबाज एकच प्रश्न घेऊन येतो: स्वस्तातले अर्धस्वयंचलित पिस्तूल घ्यावे, की थोडे थांबून महागडे घ्यावे? महाग पिस्तूल जास्त अचूक असते आणि स्वस्त पिस्तूल ऐन वेळी अडकते, असे त्याच्या मनाने बहुधा आधीच घेतलेले असते. या दोन्ही समजुतींत तथ्य आहे, परंतु केवळ त्यांच्या भरवशावर खरेदी करावी एवढे नाही. दुप्पट-तिप्पट किमतीच्या पिस्तुलात तो वरचा पैसा नेमका कोणत्या भागावर खर्च झालेला असतो आणि त्या भागाचा आपल्या कामाशी कितपत संबंध आहे, हे आज आपण पाहणार आहोत.

किमतीतला पहिला फरक यंत्ररचनेत पडतो. काडतूस पेटले की वायूचा दाब गोळीला पुढे रेटतो आणि तेवढ्याच जोराने पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या कवचाला, मागे रेटतो. .२२ किंवा .३२ सारख्या सौम्य काडतुसांत हा मागचा रेटा थोपवायला स्लाइडचे, म्हणजे नळीवर मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचे, वजन आणि तिची स्प्रिंग एवढे पुरते. नळी जागच्या जागी पक्की बसवलेली असते, हलणारे भाग मोजके असतात आणि म्हणून असे पिस्तूल बनवायला सोपे जाते. ९ मिलिमीटर पॅराबेलमसारख्या जोरकस काडतुसासाठी हीच रचना वापरायची, तर स्लाइड फार जड करावी लागते. अगदी स्वस्त अशा काही पिस्तुलांत जस्ताच्या मिश्रधातूची बोजड स्लाइड दिसते ती याच कारणाने. ते पिस्तूल चालते, पण हातात वरच्या अंगाला जड लागते. बहुतेक ९ मिलिमीटर पिस्तुले मात्र अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेवर बेतलेली असतात. त्यांत नळी आणि स्लाइड सुरुवातीचे काही मिलिमीटर एकमेकींत अडकून बरोबरच मागे सरकतात; तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडून दाब उतरलेला असतो, मग नळीचे मागचे टोक खाली झुकते, सुटी झालेली स्लाइड एकटीच मागे जाऊन पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना मॅगझिनमधले, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीतले, वरचे काडतूस नळीत सारते.

या झुकणाऱ्या नळीतच अचूकतेचे मर्म आहे. साइट, म्हणजे नेम धरण्याच्या खुणा, स्लाइडवर बसवलेल्या असतात आणि नळी दर गोळीगणिक सुटून पुन्हा अडकते, त्यामुळे ती दर वेळी स्लाइडमध्ये त्याच जागी येऊन बसली तरच गोळ्या एका ठिकाणी पडतात. महागड्या पिस्तुलात कुशल कारागीर ही बैठक हाताने घासून, पुन्हा पुन्हा बसवून पाहून जुळवतो, आणि जास्तीच्या किमतीचा मोठा वाटा या माणसाच्या वेळेचा असतो. मात्र इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सैन्यासाठी बनवलेल्या पिस्तुलांत या भागांमध्ये जाणूनबुजून थोडी सैल जागा ठेवतात, कारण धूळ, चिखल आणि जळक्या दारूची काजळी बसल्यावरही ती चालली पाहिजेत. फार घट्ट बसवलेले पिस्तूल स्वच्छता आणि तेलपाणी काटेकोरपणे मागते. म्हणून स्लाइड किंचित हलते एवढ्यावरून पिस्तूल हलक्या प्रतीचे ठरवणे मला मान्य नाही.

आता स्वस्त पिस्तुले आज पूर्वीइतकी वाईट का राहिली नाहीत, ते पाहू. १९७० मध्ये आलेल्या हेकलर अँड कॉख कंपनीच्या व्हीपी ७० मध्ये पोलादी सांगाड्याऐवजी पॉलिमरचा, म्हणजे कणखर प्लॅस्टिकचा, सांगाडा वापरला होता. त्या पिस्तुलाचा फारसा प्रसार झाला नाही, पण १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक १७ स्वीकारले आणि साच्यातून निघणारा सांगाडा जगभर रुळला. १९७५ च्या सिग पी २२० मध्ये नळीला स्लाइडशी अडकवण्यासाठी स्लाइडच्या आतून खाचा कोरण्याचे कष्टाचे काम टाळून, पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीतच नळीचा चौकोनी भाग अडकवला होता. कारखान्याचे श्रम वाचवणारी ही युक्ती आज अनेक स्वस्त-महाग पिस्तुलांत आढळते. त्याच वर्षीच्या, चेकोस्लोव्हाकियातील कौत्स्की बंधूंच्या सीझेड ७५ ची रचना तर इटली, तुर्कस्तान आणि चीन इथल्या कारखान्यांनी आपापल्या परीने उचलली. याचा ग्राहकाला फायदा असा की स्वस्त पिस्तूल बनवणाऱ्याला मूळ संशोधनाचा खर्च येत नाही आणि अनेक दशके तावूनसुलाखून निघालेली रचना कमी पैशात हाती येते. शिवाय संगणकाने चालणारी यंत्रे पोलाद ज्या बारकाईने कापतात, ती बारकाई पूर्वी फक्त निष्णात हातांपाशी होती.

कंपन्या काटकसर करतात ती बहुधा आतल्या लहान भागांत. हॅमर (काडतूस पेटवायला आघात करणारा हातोडा), सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत हॅमर अडवून धरणारा खटका), पुंगळी ओढणारा आकडा हे भाग धातूची भुकटी साच्यात दाबून आणि भट्टीत भाजून तयार करता येतात. ही पद्धत मुळात वाईट नाही आणि नामांकित कंपन्याही ती वापरतात. पण भाजताना आत पोकळी राहिली आणि तपासणीत ती निसटली, तर तो भाग काही हजार गोळ्यांनंतर तडकू शकतो. म्हणजे किमतीतला हा फरक तपासणीचा आहे. तो दुकानात डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच कंपनीची ख्याती, हमी आणि सुट्या भागांची उपलब्धता यांना मी एवढे महत्त्व देतो.

हाताला सर्वांत आधी जाणवतो तो ट्रिगर, आणि माझ्या मते महाग पिस्तुलाचे जास्तीचे पैसे सर्वाधिक वसूल होतात तेही इथेच. साधे पॉलिमरचे पिस्तूल रिकामे असताना पाऊण किलोच्या आसपास भरते आणि त्याचा ट्रिगर ओढायला सुमारे अडीच किलोचा जोर लागतो. स्वतःच्या वजनाच्या तिप्पट जोराने एका बोटाने ओढले जात असताना ते पिस्तूल हवेत निश्चल धरून ठेवायचे, हे नेमबाजापुढचे खरे आव्हान आहे. आधी ढिलाई संपते, मग बोटाला एक भिंत लागते आणि त्या भिंतीपाशी दाब वाढवत गेले की ट्रिगर सुटतो. स्वस्त पिस्तुलात ही भिंत अनेकदा चिखलासारखी असते. बोट पुढे सरकत राहते, मधेच खरखरते आणि कोणत्या क्षणी सुटेल याचा अंदाज येत नाही. चांगला ट्रिगर काचेची बारीक कांडी मोडावी तसा एकदम सुटतो, आणि सुटल्यानंतर बोट आणखी मागे जात नाही.

इथे थोडा हिशेब करू. समजा, पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर १६० मिलिमीटर आहे. ट्रिगर ओढताना पुढची साइट अवघी १ मिलिमीटर बाजूला गेली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे १५६ मिलिमीटर बाजूला पडते. कितीतरी स्वस्त पिस्तुले बाकाला घट्ट बांधून झाडली, तर त्याच अंतरावर १०० मिलिमीटरच्या आत गोळ्यांचा पुंजका देतात. म्हणजे नवशिक्याच्या हातून होणारी चूक पिस्तुलाच्या उणिवेपेक्षा मोठी असते आणि त्या अवस्थेत अधिक अचूक नळीचे त्याला काहीच मिळत नाही. तेवढ्या पैशातून काडतुसे आणि जाणत्या प्रशिक्षकाचा वेळ मिळवला, तर १ मिलिमीटरची चूक हळूहळू पाव मिलिमीटरवर येते.

स्पर्धेत उतरणाऱ्याचे गणित मात्र निराळे असते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात अचूकतेच्या फेरीतील लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते, तर जलद फेरीतील लक्ष्यावर ते १०० मिलिमीटरचे असते. नियमानुसार ट्रिगरचे वजन किमान १००० ग्रॅम हवे, आणि त्या मर्यादेच्या अगदी जवळ, दर वेळी तेवढ्याच जोरात, स्वच्छ सुटणारा ट्रिगर साध्या .२२ पिस्तुलात सहसा मिळत नाही. पार्दिनी, वॉल्थर, हॅमर्ली, मोरिनी यांची स्पर्धेची पिस्तुले महाग आहेत ती अशा गोष्टींमुळे: नळी हाताच्या शक्य तितकी जवळ, ट्रिगरचे प्रत्येक अंग स्क्रूने जुळवता येणारे, मूठ पंजाच्या आकाराला कोरलेली. ५० मिलिमीटरच्या वर्तुळात सातत्याने गोळी टाकू लागलेल्या नेमबाजाला स्वस्त पिस्तूल मागे खेचते. त्याने महाग पिस्तूल घ्यावे, असेच मी सांगेन, आणि शक्य असल्यास उशीर करू नये.

आता अडकण्याबद्दल. पिस्तूल अडकले की लोक पिस्तुलाला दोष देतात. पुष्कळदा दोषाचे मूळ मॅगझिनमध्ये असते. मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याचे दोन ओठ काडतूस धरून ठेवतात. ते जरा फाकले, किंवा आतली स्प्रिंग थकली, की काडतूस नळीत शिरताना चुकीच्या कोनात नाक खुपसते. स्वस्त पिस्तुलाबरोबर एखादेच मॅगझिन येते आणि दुसरे वेळेवर मिळत नाही, ही मला मोठी अडचण वाटते. मॅगझिनांवर रंगाने क्रमांक टाकावेत. एकाच क्रमांकावर अडकण्याचे प्रकार होत असतील, तर दोष कुठे आहे ते आपोआप कळते.

नव्या पिस्तुलातून दोनशे गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही, तेव्हा पिस्तूल भरवशाचे आहे, असे पुष्कळ जण सांगतात. संख्याशास्त्र इतके उदार नाही. दोनशेत एकही दोष न आढळल्यास आपण ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणू शकतो की दोषाचे प्रमाण दीड टक्क्याहून जास्त नसावे. दीड टक्का म्हणजे शंभरात एक-दोन वेळा अडकणारे पिस्तूल, आणि ते कुणालाच चालणार नाही. म्हणून एखाद्या मित्राच्या अनुभवापेक्षा, ज्या रचनेतून सैन्यांनी आणि पोलिसांनी लाखो गोळ्या झाडल्या आहेत तिचा पूर्वेतिहास अधिक बोलका असतो.

मोठ्या खरेदीदारांनी किमतीकडे कसे पाहिले, हेही उद्बोधक आहे. अमेरिकी सैन्याच्या १९८४ च्या चाचण्यांत बेरेटा ९२ एफ आणि सिग पी २२६ ही दोन्ही पिस्तुले कसोटीला उतरली, आणि निवड ठरली ती मॅगझिने व सुटे भाग धरून होणाऱ्या एकूण किमतीवर. त्यात बेरेटा पुढे गेले. २०१७ मध्ये त्याच सैन्याने सिग पी ३२० चे कूळ निवडले, तेव्हा ग्लॉकची बोली सिगपेक्षा १० कोटी डॉलरहून अधिक होती, आणि ग्लॉकने घेतलेला आक्षेप फेटाळताना सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने किमतीतला हा फरक नमूद केला. लगेच त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, विशिष्ट कोनात खाली पडल्यास पी ३२० मधून गोळी सुटू शकते हे समोर आल्यावर, कंपनीने नागरी ग्राहकांना ट्रिगरच्या भागांत मोफत सुधारणा देऊ केली. पडल्यावर गोळी न सुटणे ही माझ्या लेखी पहिली आणि तडजोड न करण्याजोगी अट आहे; ती किमतीवरून गृहीत धरता येत नाही. ज्या पिस्तुलात फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून ते पेटवणारी सुई, अडवणारी अंतर्गत योजना नाही, ते कितीही स्वस्त मिळत असले तरी नवशिक्याने घेऊ नये.

इथेच एक कळकळीची विनंती. स्वस्त पिस्तूल घेऊन त्याचा ट्रिगर घरी कानशीने घासून हलका करण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. सिअरचा कोन केसभर बिघडला, तर एकदा ओढल्यावर दोन गोळ्या सुटू शकतात किंवा स्लाइड बंद होतानाच गोळी सुटू शकते. असे काम प्रशिक्षित शस्त्रकारागिरानेच करावे, आणि ते न परवडल्यास ट्रिगर आहे तसा ठेवून सराव करावा.

एकूण विचार करता, पहिले पिस्तूल घेणाऱ्याला मी जुनी, नावाजलेली रचना, सहज मिळणारी मॅगझिने आणि हाताला नीट बसणारी मूठ असलेले कमी किमतीचे पिस्तूल सुचवतो. पूर्णपणे अनोळखी रचनेचे, सर्वांत स्वस्त पिस्तूल मात्र सुचवत नाही. सोनेरी मुलामा आणि कोरीव नक्षी यांचा कामाशी संबंध नसल्याने त्यांचा विचार मी करत नाही.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले की नवे स्वस्त पिस्तूल आणि वापरलेले महागडे .२२ पिस्तूल एकाच किमतीला मिळत असेल, तर काय करावे. स्पर्धेची आवड पक्की असेल, तर वापरलेले अवश्य पाहावे. आधी मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून, डोळ्यांनी आणि बोटाने नळी रिकामी असल्याची खात्री करावी. मग नळीच्या मागच्या काठावर, जिथे पुंगळीची कड टेकते तिथे, विजेरीच्या प्रकाशात बारीक खोचा पडला आहे का ते पाहावे; .२२ पिस्तूल काडतुसाविना वारंवार झाडले गेले असेल, तर काही रचनांत फायरिंग पिन तिथे आपटून खूण सोडते, आणि मग रिकाम्या पुंगळ्या अडकू लागतात. स्प्रिंगा बदलाव्यातच. कोणत्या काडतुसांवर पिस्तूल चांगले चालते, हे जुन्या मालकाला विचारावे, कारण .२२ पिस्तुले काडतुसांच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. आणि मूठ त्याच्या पंजासाठी कोरलेली असेल, तर नव्या मुठीचा खर्च किमतीत धरूनच व्यवहार करावा.