रिंगमध्ये ठेवलेले बूट

श्रोतेहो, नमस्कार.

मैदान गाजवणारा पैलवान सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्याचा वस्तादही राहतो. पण ते मैदान ज्याने भरवलं, जोड्या लावल्या, तिकिटं खपवली आणि शेवटी प्रत्येकाच्या हातावर ठरलेली रक्कम ठेवली, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. आज मला अशाच एका माणसाबद्दल सांगायचंय. जपानचे जायंट बाबा. ते स्वतः नामांकित मल्ल होते, पण त्यांच्यातला प्रमोटर मला जास्त मोठा वाटतो. ते गेल्यावर 2 मे 1999 रोजी टोकियो डोममध्ये त्यांच्या स्मरणार्थ जो कार्यक्रम झाला, तो मी फार मोलाचा मानतो.

ही व्यावसायिक कुस्ती म्हणजे आपण जिला फ्री-स्टाइल म्हणत आलो ती. दारासिंगांच्या काळात मुंबईत वरळीच्या पटेल स्टेडियमवर तिला तुडुंब गर्दी व्हायची. तिचा निकाल आधी ठरलेला असतो. नुरा कुस्ती म्हटलं की आपल्याकडे लोक नाक मुरडतात, आणि मातीतल्या कुस्तीत ते मुरडायलाच हवं. इथे मात्र प्रेक्षक अंग झोकून देणं, मार सोसणं आणि समोरच्याची मान-पाठ जपून त्याला आपटणं पाहायला येतो. आणि या धंद्यात प्रमोटरच्या शब्दावर सगळं चालतं. आज तू पड, पुढे तुला उभं करतो, असं तो सांगतो आणि मल्ल पडतो. तो शब्द पाळला गेला नाही, तर मल्लाने दाद कुणाकडे मागायची? बाबा शब्दाचे पक्के आणि पैशाला चोख, अशी अमेरिकेहून येणाऱ्या मल्लांमध्ये त्यांची ख्याती होती.

शोहेई बाबा हे त्यांचं नाव. जन्म 23 जानेवारी 1938 चा, निगाता प्रांतातल्या सान्जो गावचा. घरी भाजीपाल्याचं दुकान. उंची वाढत वाढत 209 सेंटिमीटरवर गेली. आधी ते योमिउरी जायंट्स या बेसबॉल संघात चेंडूफेक करायचे. 1960 मध्ये दुसऱ्या संघाच्या सराव शिबिरात न्हाणीघरात पाय घसरला, हाताला काच लागली आणि बेसबॉल संपला. मग ते रिकिदोझानच्या तालमीत गेले. हा रिकिदोझान म्हणजे जपानी व्यावसायिक कुस्तीचा जनक. आपल्याकडे दारासिंगांशी लढून घराघरात पोचलेल्या किंग काँगशी त्याच्याही कुस्त्या झाल्या होत्या. 30 सप्टेंबर 1960 ला त्याच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी पहिली लढत दिली. एक बाबा, दुसरे अंतोनियो इनोकी. 1972 मध्ये दोघांनी आपापल्या कंपन्या काढल्या आणि जपानी कुस्तीचे दोन तट पडले. बाबांची कंपनी ऑल जपान. पंजाबातून कॅनडात गेलेले टायगर जीत सिंग आधी इनोकींकडे होते, 1981 मध्ये तेही बाबांकडे आले.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबा कंपनीच्या टी-शर्ट-पुस्तकांच्या टेबलाशी बसलेले असायचे. मालक स्वतः, तोंडात सिगार, समोर रांग आणि हातात सही करायचं पेन. मला हे दृश्य फार आवडतं. तिथे बसलं की कुणाचा माल उचलला जातोय, पोरं कुणाचं नाव घेतायत, हे थेट कानावर पडतं. 1990 मध्ये तेन्र्यू हा मोठा मल्ल नव्या श्रीमंत कंपनीत गेला, त्यामागे आणखीही काही जण गेले, आणि ऑल जपानचं कंबरडं मोडलं असंच सगळ्यांना वाटलं. त्या जूनमध्ये बुदोकान सभागृहात तरुण मित्सुहारू मिसावाची लढत अनुभवी जम्बो त्सुरुताशी होती. सांगतात की लोक मिसावाच्या नावाचा गजर करताना पाहून बाबांनी त्याच दिवशी निकाल फिरवला. मिसावा जिंकला. पुढची अनेक वर्षं बुदोकान भरत राहिलं.

त्याच सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट केली. मोठ्या लढती बाहेरच्याची मध्येच घुसखोरी किंवा बाद ठरवणं असल्या पळवाटांनी संपवायच्या नाहीत; खांदे टेकतील आणि पंच तीन मोजेल, तेव्हाच लढत संपेल. तिकीट काढून आलेल्या माणसाला पुरता निकाल मिळालाच पाहिजे. निकाल ठरलेला असलेल्या खेळातली ही सचोटी मला फार थोर वाटते.

31 जानेवारी 1999 ला बाबा कर्करोगाने गेले. वय 61. जेमतेम दोन महिन्यांआधी, डिसेंबरात, ते बुदोकानमध्ये लढले होते. मल्ल म्हणून त्यांनी निवृत्ती घेतलीच नव्हती.

म्हणून मे महिन्यात टोकियो डोममध्ये त्यांची निवृत्तीची लढत लावली गेली. हो, माणूस गेल्यावर. कार्डावर रीतसर जोडी छापलेली: एका बाजूला जायंट बाबा आणि द डिस्ट्रॉयर, दुसऱ्या बाजूला ब्रूनो सामार्टिनो आणि जीन किनिस्की. पंच जो हिगुची, बाबांचे जुने सहकारी. रिंगमध्ये बाबांचे बूट ठेवले होते. त्यांची लाथ जपानभर ‘सोळा मोनची लाथ’ म्हणून ओळखली जायची. मोन हे तिथलं पादत्राणांचं जुनं माप. त्या बुटांच्या बाजूने डिस्ट्रॉयर आपला पांढरा मुखवटा घालून एकटा उभा, आणि समोर दोन म्हातारे प्रतिस्पर्धी.

ही नावं उगाच निवडलेली नव्हती. सामार्टिनोशी बाबा 1964 मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लढले होते. किनिस्कीशी ऑगस्ट 1967 मध्ये ओसाकाच्या उघड्या मैदानात, उन्हाळ्याच्या दिवसांत, 65 मिनिटं लढून बरोबरी झाली होती. डिस्ट्रॉयर आधी वैरी, नंतर बाबांच्या कंपनीतला घरचा माणूस.

आपल्या मैदानांवर मानकऱ्यांचे सत्कार होतात तेव्हा शाल, श्रीफळ आणि लांबलचक भाषणं असतात, आणि जोडीतले पैलवान अंग गार पडेपर्यंत ताटकळतात. मला फार वाटतं, जुन्या पैलवानाचा मान करताना त्याच्याशी झुंजलेला गडी हुडकून आणावा आणि शेजारी उभा करावा. त्याच्याइतकं त्या माणसाबद्दल कोण जाणतं?

त्या दिवशीच्या शेवटच्या लढतीत मिसावाने अगडबंब व्हेडरला हरवून कंपनीचा सर्वोच्च किताब घेतला. त्याच महिन्यात तो कंपनीचा अध्यक्षही झाला. वर्षभरातच बाबांच्या पत्नी मोतोको यांच्याशी त्याचं बिनसलं आणि तो नवी कंपनी काढायला निघाला. जवळजवळ सगळे जपानी मल्ल त्याच्यामागे गेले. कावादा आणि फुची हे दोघेच राहिले. मी यात कुणाची बाजू घेत नाही. इतकी माणसं एका माणसाने किती वर्षं एकत्र धरून ठेवली होती, ते मात्र तेव्हा सगळ्यांना दिसलं.

ऑल जपान तरीही बंद पडली नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये, बाबांना जाऊन वीस वर्षं झाल्यावर, टोकियोच्या र्‍योगोकु सभागृहात पुन्हा त्यांच्या स्मरणार्थ कुस्त्या झाल्या. त्यात अब्दुल्ला द बुचरचा निरोप समारंभ होता. कपाळावर खोल व्रणांच्या रेघा असलेला हा दांडगा मल्ल 1981 मध्ये बाबांना सोडून इनोकींकडे गेला होता, आणि 1987 मध्ये परत आला तेव्हा बाबांनी त्याला पुन्हा कामावर घेतलं होतं. निवृत्तीचा निरोप घ्यायला तो बाबांच्याच कार्यक्रमात आला, समुद्रापलीकडून, चाकाच्या खुर्चीत बसून.