लोकसभा: सकाळी अकरा ते बारा

मयूराच्या संकल्पनेवर सजवलेले हे दालन म्हणजे लोकसभेचे सभागृह. सप्टेंबर २०२३ पासून लोकसभेचे कामकाज या नव्या वास्तूत चालते. येथे ८८८ आसनांची सोय असली, तरी निवडून येणाऱ्या सदस्यांची संख्या आज ५४३ आहे. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी पक्षाची बाके आहेत, तर डाव्या हाताला विरोधकांची. आसनासमोर खाली मेजापाशी लघुलेखक बसतात. दर काही मिनिटांनी त्यांच्यातला एक जण उठतो, दुसरा त्याची जागा घेतो आणि बोलणाऱ्या सदस्याचे वाक्य मध्ये न तुटता नोंदले जाते.

सकाळी ११ वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. लोकसभेच्या दिवसातील सर्वांत मोलाचा तास हाच, कारण मंत्रिपद नसलेल्या साध्या सदस्यालाही या वेळी सरकारला उभे करून जाब विचारता येतो, मग तो कोणत्याही बाकावरचा असो. या एका प्रश्नामागे बरीच तयारी असते. किमान १५ दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते, मंत्रालयांची पाच गटांत विभागणी करून प्रत्येक गटाला आठवड्यातील एक वार नेमून दिलेला असतो आणि आलेल्या सूचनांचा क्रम सोडत काढून ठरवला जातो. त्यातून एका दिवसासाठी २० प्रश्न तोंडी उत्तरांसाठी निवडले जातात. हे तारांकित प्रश्न होत. अतारांकित प्रश्नांना केवळ लेखी उत्तर मिळते.

अध्यक्ष प्रश्न पुकारतात, मंत्री उठतात आणि उत्तर पटलावर ठेवले असल्याचे सांगतात. ते छापील उत्तर मंत्रालयाने आधीच सावधपणे तयार केलेले असते. खरी कसोटी त्यानंतरच्या पुरवणी प्रश्नात लागते. तो काय असेल, हे मंत्र्यांना ठाऊक नसते. अधिकाऱ्यांच्या कक्षातून एखादी चिठ्ठी पुढे सरकते, मंत्री फाईल चाळतात. परंतु उत्तर त्यांनाच, उभे राहून, सर्वांदेखत द्यावे लागते. ‘माहिती मिळवून सभागृहाला कळवू’ असे मंत्री म्हणाले, तरी सुटका होत नाही. ते आश्वासन ठरते आणि ते पुरे झाले की नाही, हे तपासण्यासाठी लोकसभेची स्वतंत्र समिती आहे.

या तासाची ताकद देशाने १९५७ मध्येच पाहिली. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांबद्दल सभागृहात प्रश्न आले आणि सत्ताधारी पक्षाचेच सदस्य असलेल्या फिरोज गांधी यांनी हे प्रकरण लावून धरले. पुढे न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यामार्फत चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

दुपारी शून्य प्रहर (तातडीचे सार्वजनिक विषय मांडण्याची वेळ), विधेयके, अनुदानाच्या मागण्या (मंत्रालयांच्या खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव) असे कामकाज चालते. विधेयकावर आधी आवाजी मतदान होते. त्याला कोणी हरकत घेतली, तर मतविभागणीची घंटा वाजते, सभागृहाची दारे बंद होतात आणि सदस्यांनी दाबलेल्या बटणांचा हिशेब या फलकावर उमटतो. १७ एप्रिल १९९९ रोजी विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली आणि वाजपेयी सरकार पडले.

हौद्यात, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरलेले सदस्य आणि उंचावलेले फलक आपण पडद्यावर पाहत आहात. अशा गोंधळात कामकाज तहकूब होते, तेव्हा बहुतेक वेळा बळी जातो तो प्रश्नोत्तराच्या तासाचाच. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात, महासाथीचे कारण देऊन, हा तास कार्यक्रमपत्रिकेतूनच वगळण्यात आला. लेखी उत्तरे तेव्हाही मिळत राहिली. पुरवणी प्रश्न मात्र एकही विचारता आला नाही.