शाळेच्या भिंतीवरचा लिंकन

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘लिंकनने गुलामगिरी का संपवली?’ त्याचं उत्तर द्यायचंच आहे, पण त्याआधी मला एका फ्रेमविषयी बोलू द्या. ती तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, सुविचाराच्या फळ्याशेजारी, काचेत बसवलेलं लिंकनचं हेडमास्तरांना पत्र. सातवीत असताना मी ते तोंडपाठ केलं, वक्तृत्व स्पर्धेत म्हटलं आणि स्टीलचा पेला जिंकला. आईने तो पेला कितीतरी वर्षं देवघराशेजारच्या फळीवर ठेवला होता.

ते पत्र लिंकनचं नाही. त्याची पत्रं, भाषणं, चार ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा गोळा करून छापलेल्या आहेत, त्यांत ते कुठेच नाही. त्याची स्वतःची सगळी शाळा मिळून वर्षभराचीही भरत नाही. धाकट्या टॅडवर तर त्याचा इतका जीव, की पोराला अभ्यासाला बसवायचा आग्रहही तो धरत नसे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो, तिथे हीच फ्रेम. मी म्हटलं, “सर, ही उतरवू या. लिंकनचं खरं पत्र मी फ्रेम करून आणतो, खर्च माझा.” ते अगदी आपुलकीने म्हणाले, “विचार चांगला आहे ना? मग कुणाचा का असेना!” समोर चहा आला, पण मला घोट उतरेना.

का उतरेना, ते सांगतो. त्याच शाळेत शिकलेला एक मुलगा पुढे मला भेटला, कॉलेजात होता. मोबाइल पुढे धरून म्हणाला, “सर, हे वाचा. लिंकन ढोंगी होता. आम्हाला उगाच त्याच्या पाया पडायला लावलं.” पडद्यावर लिंकनचंच वाक्य होतं, आणि हे मात्र अस्सल: एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचणार असेल, तर मी तसं करीन. मुलाचा चेहरा पडला होता. आपण भिंतीवर देव टांगला, मग मुलाला माणूस सापडला तेव्हा त्याला तो लबाडच वाटणार. आज मी इथे उभा आहे तो त्या चेहऱ्यासाठी.

आता ते वाक्य बघू. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं: गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली राज्यं संघराज्यातून फुटली होती आणि अध्यक्ष लिंकनची उत्तर त्यांच्याशी लढत होती. होरेस ग्रीली या संपादकाला लिहिलेल्या पत्रातलं आहे ते. तारीख 22 ऑगस्ट 1862. तारीख लक्षात ठेवा, कारण बरोबर महिनाभर आधी, 22 जुलैला, लिंकनने गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता! परराष्ट्रमंत्री सीवर्ड म्हणाला, आपण लढाया हरतोय, आत्ता काढाल तर लोकांना ती शेवटची धडपड वाटेल, एखादा विजय पदरात पडू द्या. म्हणून कागद खणात गेला. 17 सप्टेंबरला अँटिएटमच्या लढाईत तो विजय पदरात पडला, पाच दिवसांनी कागद बाहेर आला. म्हणजे ग्रीलीला लिहिताना निर्णय झालेला होता. लिंकन उत्तरेतल्या गोऱ्या मतदाराला तयार करत होता: उद्या मी जे करीन ते देश वाचवण्यासाठी असेल. आणि त्या पत्राचा शेवट? सगळीकडची सगळी माणसं मुक्त असावीत ही माझी वैयक्तिक इच्छा कायम आहे. हे वाक्य त्या मोबाइलवर नव्हतं.

पण खणातला तो कागद आला कुठून? मे 1861, व्हर्जिनियातला मन्रो किल्ला. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम दक्षिणेच्या फौजेसाठी तोफांचा मोर्चा बांधायच्या कामाला जुंपलेले. एका रात्री नाव वल्हवत ते खाडीपलीकडे उत्तरेच्या किल्ल्यात आले. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन हजर: पळालेले गुलाम परत करायचा कायदा आहे, आमची माणसं द्या. किल्ल्याचा सेनापती बटलर पेशाने वकील. तो म्हणाला, तुम्हीच म्हणता ना की व्हर्जिनिया आता वेगळा देश आहे? मग अमेरिकेचा कायदा मागता कशाला? शत्रू त्यांना मालमत्ता म्हणतो आणि लढाईला वापरतो, तर मी त्यांना युद्धातला माल म्हणून जप्त करतो. किती ओंगळ शब्द, माल! पण त्या शब्दाच्या फटीतून आधी शेकडो आणि मग हजारो माणसं बायकापोरांसह चालत आली. लिंकनच्या टेबलावर हा प्रश्न त्यांनी आणून ठेवला.

जोतीरावांना हे नेमकं उमगलं होतं. 1873 साली ‘गुलामगिरी’ त्यांनी लिंकनला अर्पण केली नाही, अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना केली. याच युद्धाने मुंबईत कापसाचा पैसा ओतला, 1865 मध्ये युद्ध संपलं तसा शेअरबाजार कोसळला, तेही सांगणार होतो, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं.

तर भराभर. केंटकी, मिसूरी, मेरिलँड, डेलावेअर ही गुलामांची राज्यं, पण संघराज्यात टिकलेली. ती बिथरली असती तर युद्ध हातचं गेलं असतं. शिवाय शांततेतल्या अध्यक्षाला गुलामगिरीला हात लावायचा अधिकारच नव्हता. सरसेनापती म्हणून शत्रूचं बळ काढून घ्यायचा होता. म्हणून 1 जानेवारी 1863 चा अंतिम जाहीरनामा सरकारी नोटिशीसारखा कोरडा आहे आणि फक्त बंडखोर प्रदेशाला लागू आहे. पुढे देशभरातली गुलामगिरी संपवायला तेरावी घटनादुरुस्ती लागली ती त्यामुळे. सहीच्या दिवशी सकाळभर नववर्षाचे हस्तांदोलन करून त्याचा हात थरथरत होता. सही कापरी आली तर लोक म्हणतील कचरला, म्हणून त्याने थांबून, सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

हेतू लष्करी की नैतिक, याची परीक्षा ऑगस्ट 1864 मध्ये झाली. युद्ध रखडलं होतं, निवडणूक हातची जाणार असं त्याला स्वतःला वाटत होतं. पक्षातले लोक म्हणत होते, मुक्तीची अट सोडा म्हणजे तह होईल. नुसता डावपेच असता तर सोडायची वेळ हीच होती. 19 तारखेला भेटायला आलेल्यांना तो म्हणाला, आपल्यासाठी लढलेल्या काळ्या शिपायांना पुन्हा गुलामीत ढकललं, तर इहलोकी आणि परलोकी मी धिक्कारला जाईन. त्याच दिवशी त्याने फ्रेडरिक डग्लसला बोलावलं होतं. डग्लस जन्माने गुलाम, निसटून आलेला, लिंकनवर उघड टीका करणारा. त्याला लिंकनने विचारलं, मी हरलो तर त्याआधी दक्षिणेतून जास्तीत जास्त माणसं कशी बाहेर काढता येतील? डग्लसने दहा दिवसांत योजना लिहून दिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला दक्षिणेतलं अटलांटा शहर उत्तरेच्या हाती पडलं, वारं फिरलं आणि त्या योजनेची गरज उरली नाही.

वेळ संपली. त्या मुलाला मी ग्रीलीला लिहिलेलं सबंध पत्र दिलं आहे, तारखेसकट. शाळेच्या भिंतीवर अजून जुनीच फ्रेम आहे. तुमच्यापैकी कुणी शाळेच्या समितीवर असाल तर बाहेर मला भेटा, खऱ्या पत्राच्या प्रती पिशवीत आहेत.