मिठाच्या पाण्यातली बरणी

(पहाट. मुंबईतलं मोठं रेल्वे स्टेशन, रिकामा होत चाललेला फलाट.)

13 नोव्हेंबर 1956. पुण्याहून रात्री निघालेली पॅसेंजर पहाटे बोरीबंदरला लागली. डब्यात एक विधवा बाई बेशुद्ध पडली होती. मधुमेहाचा जुना त्रास. सोबत तिचे पुण्याचे डॉक्टर. सेंट जॉर्ज हॉस्पिटल स्टेशनला लागूनच आहे, तरी डॉक्टरांनी टॅक्सी केली आणि तिला जी. टी. हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे तिचं नाव खोटं सांगितलं. दुपारच्या आत ती गेली.

प्रेत न्यायला कोणी आलं नाही. इकडे पुण्यात नातेवाइकांना तिच्या नावाची पत्रं येऊ लागली: मी दुसरं लग्न केलंय, लांब राहते. आणि तिचा पैसा हळूहळू डॉक्टरांकडे वळत गेला.

शवविच्छेदन झालं ते 23 नोव्हेंबरला. तब्बल दहा दिवसांनी. व्हिसेरा, म्हणजे शरीरातल्या अवयवांचे नमुने, सरकारी रासायनिक विश्लेषकांकडे गेला. अहवालात विष आढळलं नाही.

(थोडा वेळ शांतता.)

‘विष आढळलं नाही’ आणि ‘विष दिलंच नव्हतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही विषं शरीरात फार काळ टिकत नाहीत, काही कुजण्यात हरवतात. त्या डॉक्टरांवर, अनंत चिंतामण लागूंवर, खुनाचा खटला चालला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1959 मध्ये बहुमताने त्यांची शिक्षा कायम केली ती परिस्थितीजन्य पुराव्यावर: खोटं नाव, बनावट पत्रं, पैशाचा माग. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं. कायद्याचे विद्यार्थी ‘अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य’ हा निकाल आजही वाचतात.

प्रयोगशाळा गुन्हेगार पकडते, असं आपण धरून चालतो. माझ्या मते तिचं काम याहून मर्यादित आहे, आणि म्हणूनच जास्त जबाबदारीचं. तिच्या टेबलावर जे पोचतं, जसं पोचतं, तेवढ्याबद्दलच ती बोलू शकते.

(काचेची बरणी. तळाशी न विरघळलेलं मीठ.)

विषबाधेचा संशय असेल तर जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही अशा पाण्यात, ठेवतात. होय, साधं खायचं मीठ. कुणी चुकून फॉर्मलिन ओतलं, तर पुढे त्यातून विष वेगळं काढणं अवघड होऊन बसतं. अवयव न घातलेल्या कोऱ्या द्रावणाचा नमुनाही वेगळ्या बाटलीत पाठवतात, म्हणजे विष मिठातूनच आलं असं कोणी म्हणू शकत नाही. रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले की ते कुजतात आणि डीएनए हातचा जातो. घटनास्थळी घाईत केलेली ही एक चूक कितीही महागडं यंत्र आणलं तरी भरून निघत नाही.

मुंबईत रासायनिक विश्लेषकाची प्रयोगशाळा 1870 च्या सुमारास आली. आज कलिन्यात न्यायसहायक वैज्ञानिक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेचं मुख्यालय आहे. नागपूर, पुणे, नाशिक आणि इतर ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. पोलीस ठाण्यात मात्र अजून एकच शब्द ऐकू येतो: ‘सीए रिपोर्ट आला का?’ सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, तोच रासायनिक विश्लेषक.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असं कलम 176 सांगतं. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. मला या तरतुदीचं मोल फार वाटतं, कारण आजवर पहिला हात लावणारा माणूस बहुतेक वेळा विज्ञान शिकलेला नसायचा.

(प्रयोगशाळेची खिडकी. मुद्देमालाचं खोकं घेऊन उभा हवालदार.)

आतला माणूस आधी खोकं उघडत नाही. तो लाखेचं सील पाहतो, पत्रावरच्या सीलच्या ठशाशी ताडतो, लेबलावरच्या पंचांच्या सह्या वाचतो. मग रजिस्टरमध्ये नोंद: सील शाबूत. पोच लिहून तो हवालदाराच्या हातात देतो आणि खोकं आत जातं.