पतंगाच्या नाकाची गोष्ट

नमस्कार मंडळी. आजचा विषय किड्यांचा मेंदू वासाचं नेमकं काय करतो हा, पण मी आधी गोष्टच सांगणार, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैनच पडत नाही.

एकोणिसाव्या शतकातला फ्रान्स. फाब्र नावाचे कीटकांचे अभ्यासक, मे महिन्यातली सकाळ, त्यांच्या टेबलावर कोशातून एक मोठी पतंगीण बाहेर आली, त्यांनी ती जाळीखाली झाकून ठेवली आणि विसरून गेले. रात्री नऊच्या सुमारास धाकटा पोरगा अर्धवट कपड्यांत ओरडत पळत आला, लवकर या, पक्ष्यांएवढे पतंग आलेत! घरभर फडफड, मेणबत्तीवर झडप, माणसांच्या खांद्यांवर उतरतायत. चाळीसेक नर, सगळे त्या एकीसाठी, दाट काळोखातून. (आपल्याकडे पोरगं रात्री असं काही दाखवायला आलं तर आपण आधी झोपायला पिटाळतो, असो.)

मग फाब्रनी शेजारी डांबरगोळ्या ठेवल्या. कपाटातला तो भपका आठवा, त्यात दुसरा वास येईल का? पण नर आलेच! फाब्र गोंधळले, हा वासच नसेल असंही त्यांना वाटलं, आणि तसं त्यांनी मोकळेपणाने लिहूनही ठेवलं. मला असा माणूस फार आवडतो, आज कोणी आपला गोंधळ छापत नाही.

उत्तर मेंदूत होतं. किड्याचं नाक म्हणजे त्याच्या मिशा. मिशांवरच्या एकाच जातीच्या सगळ्या वासपेशींच्या तारा मेंदूत एकाच गाठीत येतात. जात वेगळी की गाठ वेगळी. फळमाशीत अशा पन्नासेक गाठी, मधमाशीत एकशेसाठच्या आसपास. साधा वास एकदम बऱ्याच गाठी पेटवतो आणि कुठल्या पेटल्या, किती पेटल्या, तो नकाशा म्हणजेच वास. पुन्हा सांगतो, एक तार नाही, पेटलेल्या गाठींचा नकाशा. पण कित्येक पतंगांच्या नरांत मादीच्या वासासाठी मोठ्या राखीव गाठी असतात, मग डांबरगोळ्यांनी बाकीच्या कितीही पेटवू देत, राखीव लाईन चालूच.

पुढे तो नकाशा छत्रीसारख्या एका भागात जातो, तिथे फळमाशीच्या मेंदूत एका बाजूला दोनेक हजार पेशी, आणि एका वासाला त्यातल्या शंभरात पाच-दहाच बोलतात. बोलणाऱ्या कमी, म्हणून दोन वासांची गल्लत कमी. मधमाशीला वास देऊन लगेच साखरपाणी दिलं तर दोन-तीनदा झालं की नुसत्या वासावर जीभ बाहेर, ती शिकवण इथेच बसते.

आणि हो, फाब्र. नंतर दुसऱ्या जातीची पतंगीण त्यांनी काचेखाली टेबलावर ठेवली, समोर दिसेल अशी, आणि ती आधी ज्या डहाळीवर बसलेली ती डहाळी खुर्चीवर. नर आले, तिला ओलांडून गेले आणि डहाळीशी एवढे झटले की ती खुर्चीवरून खाली पडली.