आरसी डॉट कॉन्फमधली राहिलेली ओळ

(दृश्य : सर्व्हरची मागची बाजू. केबलच्या खोबणीशेजारी दोन बारीक दिवे. एक स्थिर, दुसरा लुकलुकणारा.)

सर्व्हरकडे समोरून पाहिले तर तो चालू आहे एवढेच कळते. त्याचे इतरांशी बोलणे चालू आहे की नाही, हे पाहायचे तर मागे जावे लागते. नेटवर्कची केबल जिथे खटकन बसते, त्या खोबणीच्या अंगाला हे दोन दिवे असतात. त्यांचे रंग कंपनीगणिक बदलतात, पण काम तेच. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी जागे आहे हे एक दिवा सांगतो, आणि तारेवरून माहितीची ये-जा होऊ लागली की दुसरा लुकलुकतो. जुलै २०२१ च्या महापुरानंतर मी कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका हिशेबनिसांच्या कार्यालयात पोहोचलो, तेव्हा हे दोन्ही दिवे लागलेले होते, आणि तरीही त्या इमारतीतल्या एकाही संगणकाला सर्व्हर सापडत नव्हता.

(दृश्य : शाहूपुरीतली खालच्या अंगाची गल्ली. भिंतींवर पाण्याची रेघ.)

शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसवलेल्या या पेठेचा काही भाग पंचगंगेच्या पुराच्या वाटेत येतो. राजाराम बंधाऱ्याशी पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे आकडे इथे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. त्या कार्यालयातल्या मंडळींनी पाणी गल्लीच्या तोंडाशी येण्याआधीच सर्व्हर रीतसर बंद केला, केबली सोडवल्या आणि तो उचलून दुसऱ्या मजल्यावर नेला. त्यांनी केले ते अगदी योग्य केले. पाणी ओसरल्यावर तिथेच त्याला वीज दिली, केबल जोडली, आणि तेव्हापासून त्याच्याकडून काही उत्तर येईना. हिशेब पाहणाऱ्या ताई मला म्हणाल्या, “दादा, पाणी यायच्या आदल्या दिवशीपर्यंत चांगलं चालत होतं की हे. वर नेताना आतलं काय हाललं असेल का?”

आतले काहीही हलले नव्हते. हे समजून घ्यायचे तर तीन वर्षे मागे जावे लागेल, म्हणजे हा सर्व्हर मी बसवला त्या दिवशी.

(दृश्य : निळ्या पडद्यावरचा फ्रीबीएसडीचा इन्स्टॉलर.)

या यंत्रावर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगणकशास्त्रज्ञांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची जी शाखा वाढवली, तिचा हा वंशज. त्याची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९३ मध्ये आली. नेटवर्कच्या बाबतीत या घराण्याचा मान मोठा आहे. ऑगस्ट १९८३ मध्ये आलेल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीने टीसीपी-आयपी ही इंटरनेटची बोली युनिक्सच्या पोटात नेऊन बसवली, आणि नेटवर्कच्या खोबण्यांची स्थिती दाखवणारी, आपण आज वापरतो ती आयएफकॉन्फिग ही कमांडही त्याच आवृत्तीत प्रथम दिसली. इन्स्टॉलर आपल्याला फार थोडे प्रश्न विचारतो. यंत्राचे नाव काय, कोणते नेटवर्क कार्ड वापरायचे, पत्ता राउटरकडून आपोआप घ्यायचा की आपण नेमून द्यायचा, आणि नेमून द्यायचा असेल तर यंत्राचा आकडी पत्ता म्हणजे आयपी पत्ता, आपल्या नेटवर्कची हद्द सांगणारा सबनेट मास्क, बाहेर जाण्याचा गेटवे आणि नावांवरून पत्ते शोधून देणारा डीएनएस सर्व्हर कोणता. ज्याच्याकडे सगळ्यांनी यायचे, त्या सर्व्हरचा पत्ता रोज बदलून चालत नाही. म्हणून मी १९२.१६८.१.१० हा पत्ता कायमचा नेमला आणि गेटवे म्हणून राउटरचा १९२.१६८.१.१ हा पत्ता लिहिला.

फ्रीबीएसडीमध्ये नेटवर्क कार्डाचे नाव त्याच्या ड्रायव्हरवरून, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रोग्रामवरून पडते. इंटेलचे बरेच पोर्ट, म्हणजे केबलच्या खोबण्या, ईएम या ड्रायव्हरवर चालतात, रिअलटेकचे आरई या ड्रायव्हरवर, आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. या यंत्राला इंटेलचे दोन पोर्ट आहेत, म्हणून एकाचे नाव ईएम-शून्य आणि दुसऱ्याचे ईएम-एक. पत्ता यंत्राला मिळतो असे आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात तो त्या एका पोर्टाला मिळतो. शाहूपुरीतल्या अडचणीचा पहिला अर्धा भाग याच फरकात होता.

(दृश्य : आयएफकॉन्फिगचे उत्तर. कॅमेरा ‘स्टेटस’ या शब्दावर थांबतो.)

दुसऱ्या मजल्यावर मी पडदा आणि कीबोर्ड जोडून पहिली कमांड दिली ती आयएफकॉन्फिग. तिने दोन्ही पोर्टांची हकीकत समोर मांडली. ईएम-शून्यपाशी पत्ता अगदी बरोबर होता, पण त्याखाली ‘नो कॅरिअर’ असे लिहिलेले होते, म्हणजे त्या खोबणीत तारच नव्हती. ईएम-एकपाशी ‘ॲक्टिव्ह’ लिहिले होते, पण पत्त्याची ओळच नव्हती. दोन्ही खोबण्या शेजारी-शेजारी, दिसायला सारख्या. घाईत केबल दुसरीत बसली होती. दिवे लागले होते ते या दुसऱ्या खोबणीचे, आणि ते खरेच सांगत होते की तार जिवंत आहे. अशा वेळी पुष्कळ जण सर्व्हरवरूनच सर्व्हरच्या पत्त्याला पिंग करतात, म्हणजे हाक मारून पाहतात, उत्तर आले की समाधान मानतात आणि मग तासभर भलत्याच ठिकाणी शोधत बसतात. स्वतःच्या पत्त्याला केलेले पिंग यंत्राच्या आतल्या आतच फिरून येते. ते तारेवर उतरतसुद्धा नाही. पिंग करायचे ते शेजाऱ्याला.

केबल मी काढली आणि तिचे टोक उजेडात धरले. आरजे-४५ च्या पारदर्शक टोकात आठ तारा पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशा क्रमाने बसलेल्या असतात, आणि त्यांच्यापुढे आठ सोनेरी पट्ट्या असतात. त्यातल्या दोन पट्ट्यांवर हिरवट पूड धरली होती. पावसाळ्यात आठवडाभर ओल्या भिंतीला टेकून राहिलेल्या केबलीचे असे होते. ही केबल आणखी काही दिवस रडतखडत चालली असती, आणि नेटस्टॅट या कमांडच्या तक्त्यात येणाऱ्या चुकांचा आकडा हळूहळू चढत गेला असता. मी टोक कापले, नवे क्रिंप केले, ईएम-शून्यमध्ये बसवले आणि त्या तक्त्यातला आकडा वाढत नाही ना, हे केबल जरा हलवून पाहिले. खाली हिशेबाच्या फायली उघडू लागल्या.

पण काम अजून संपले नव्हते. या कार्यालयाच्या हिशेबाची एक प्रत रोज रात्री बाहेरच्या दुसऱ्या सर्व्हरवर जाते. ती जाईना.

(दृश्य : काळ्या पडद्यावर पिंगच्या ओळी.)

पिंग ही कमांड माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली आणि पाण्याखाली वस्तूंचा माग काढणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिला नाव दिले. हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती वेळात येतो ते पाहायचे, एवढेच तिचे काम, पण हाक कोणाला मारायची याचा क्रम ठरलेला असला तरच तिचा उपयोग. आधी त्याच खोलीतला एखादा संगणक, मग गेटवे, मग बाहेरचा एखादा आकडी पत्ता, आणि शेवटी बाहेरचे एखादे नाव. आकडी पत्ता उत्तर देतो आणि नाव देत नाही, अशी स्थिती असेल तर दोष डीएनएसचा पत्ता लिहिलेल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फायलीत किंवा डीएनएसमध्ये. तारेला हात लावायचे कारण नाही. इथे मात्र दुसऱ्याच पायरीवर अडले. खोलीतले संगणक उत्तर देत होते, गेटवेला हाक मारली की ‘होस्ट इज डाउन’ असे येत होते.

एआरपीचा तक्ता पाहिला. आयपी पत्ता माहीत असला तरी तारेवरून माहितीचे पाकीट पोचवायला समोरच्या कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता लागतो, आणि ‘हा आयपी कोणाचा?’ असा पुकारा करून तो मिळवण्याच्या पद्धतीला एआरपी म्हणतात. तक्त्यात १९२.१६८.१.१ पुढे मॅक पत्त्याच्या जागी ‘इनकम्प्लीट’ असा शब्द होता. पुकारा झाला होता, ओ मात्र कोणीच दिली नव्हती. कारण त्या पत्त्यावर आता कोणी राहतच नव्हते.

आणि तेव्हा मला आठवले. त्या वर्षाच्या सुरुवातीला कार्यालयाने राउटर बदलला होता. नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२५४ होता. मला फोन आला, मी कार्यालयातल्या एका संगणकामार्फत दूरवरूनच सर्व्हरवर शिरलो, बाहेरचा रस्ता बदलण्याची एक कमांड दिली, सगळे सुरळीत चालू लागले, आणि मी दुसऱ्या कामाला लागलो. यंत्र चालू होताना जी वाचते, त्या आरसी डॉट कॉन्फ या फायलीत ती गोष्ट लिहायची राहिली.

यावर जरा थांबायला हवे, कारण या सगळ्या विषयाचे मर्म मला इथेच दिसते. युनिक्स घराण्यातल्या यंत्राला आपण नेटवर्कबद्दल दोन प्रकारे सांगू शकतो. कमांड देणे म्हणजे तोंडी सांगणे. यंत्र तत्काळ ऐकते, पण पुन्हा चालू झाले की त्यातले एक अक्षर त्याला आठवत नाही. फायलीत लिहिणे म्हणजे वहीत नोंद करणे. चालू होताना ते वही वाचते आणि वहीत जे असेल तेच करते. माझी तोंडी सूचना कित्येक महिने बिनबोभाट चालली, कारण त्या काळात सर्व्हर एकदाही बंद झाला नाही. महापुरासाठी तो बंद करावा लागला, आणि चालू झाल्यावर त्याने वहीतला जुना पत्ता इमानाने वाचला. चूक माझी होती, आणि ती भोगली ताईंनी, विवरणपत्रांच्या तारखा डोक्यावर असताना.

(दृश्य : आरसी डॉट कॉन्फची फाईल. कॅमेरा ‘डीफॉल्टराउटर’च्या ओळीवर.)

ती ओळ मी सिसआरसी या कमांडने दुरुस्त केली. फाईल हाताने उघडूनही हे करता येते, पण आरसी डॉट कॉन्फ ही शेलने, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने वाचायची फाईल आहे. तिच्यात एक अवतरणचिन्ह बंद करायचे राहिले तरी चालू होण्याचा क्रम मध्येच तुटू शकतो, यंत्र एकट्या वापरकर्त्याच्या अवस्थेत येऊन थांबते आणि मूळ डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली राहते. मग ती आधी लिहिण्यायोग्य जोडून घ्यावी लागते आणि नंतर ते चिन्ह शोधावे लागते. सिसआरसी अवतरणचिन्हे स्वतः सांभाळते.

नवी ओळ लागू करतानाही एक दक्षता घ्यावी. पोर्टांना पत्ते लावणारी नेटइफ ही सेवा पुन्हा सुरू केली की पोर्ट क्षणभर खाली जातात आणि बाहेरचा रस्ताही पुसला जातो. तो परत आणायला राउटिंग ही सेवा लगोलग सुरू करावी लागते. दूरवरून काम करणाऱ्याने या दोन्ही कमांड एकाच ओळीत जोडून दिल्या नाहीत, तर पहिलीनंतर त्याचा स्वतःचाच संपर्क तुटतो आणि दुसरी द्यायला तिथे कोणी उरत नाही. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मला एवढ्यासाठी रात्री प्रत्यक्ष जावे लागले आहे.

रात्रीची प्रत बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फायली मध्येच उघडेनाशा झाल्या, दहा मिनिटांनी आपोआप उघडल्या, पुन्हा अडल्या. येऊन-जाऊन असणारा दोष सर्वांत जास्त वेळ खातो, पण या वेळी सर्व्हरने स्वतःच तो लिहून ठेवला होता. त्याच्या नोंदवहीत एक मॅक पत्ता होता आणि पुढे शब्द होते, ‘इज युझिंग माय आयपी ॲड्रेस’, म्हणजे माझा पत्ता दुसरेच कोणी वापरत आहे. त्या मॅक पत्त्यातले दुसरे अक्षर ‘ए’ होते. ते २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यातून आलेला नसून यंत्राने नंतर घेतलेला असतो, आणि अलीकडचे मोबाईल वाय-फायवर असेच पत्ते घेतात. पुरानंतर राउटर आधी सुरू झाला होता आणि सर्व्हर बंद होता. तेवढ्यात कोणाचा तरी मोबाईल जोडला गेला, सर्व्हरचा १९२.१६८.१.१० हा पत्ता मोकळा दिसला आणि राउटरने तो त्याला देऊन टाकला. दोष मोबाईलचा नव्हता. राउटरने वाटायच्या पत्त्यांचा शेवटचा आकडा मी १०० ते २०० एवढ्यांतच ठेवला आणि तो प्रकार थांबला.

(दृश्य : दुसरा मजला. सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद.)

या कागदावर दोन्ही पोर्टांची नावे, त्यांचे मॅक पत्ते, सर्व्हरचा आणि राउटरचा पत्ता आणि बदल केल्याच्या तारखा आहेत. ईएम-शून्यच्या खोबणीला लाल रंगाचा ठिपका दिला आहे, आणि केबलीच्या टोकालाही तसाच.

निघण्याआधी मी ताईंना सर्वांच्या फायली बंद करायला सांगितल्या आणि सर्व्हर पूर्ण बंद केला. पंखा थांबेपर्यंत वाट पाहिली, मग बटण दाबले. पडद्यावर ओळी सरकत गेल्या, ईएम-शून्य वर आला, बाहेरच्या रस्त्याची ओळ दिसली, लॉगिनचा शब्द येऊन थांबला. मी कीबोर्डला हात लावला नाही. थोड्या वेळाने जिन्यातून ताईंचा आवाज आला, “दादा, उघडली!”